चित्राला ‘सजावट’ म्हणणं सोडा

काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या दिवाळी अंकात हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरची एक कथा आली होती. सांगलीबाहेरच्या वाचकाला पेव समजावून सांगावं लागतं. जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट मात्र मोठं, आणि त्यात हळद साठवलेली. सांगलीच्या हळदपेठेचा बराच डोलारा एकेकाळी या पेवांवर उभा होता. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यानंतर तो प्रकार जवळजवळ मोडीतच निघाला. कथेत एक हमाल पेवात उतरतो आणि त्याचा पोरगा वर दोर धरून उभा राहतो. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, हवा कोंडलेली असते. बाप घाई करतो. पुढं काय झालं ते लेखकानं सांगितलंच नाही. पोराच्या हातातल्या दोरावर आणून कथा सोडून दिली.

मी चित्रकाराला फोनवर सांगितलं, “एक पेव काढा, शेजारी पोरगा उभा करा, झालं.” दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. “सर, पेवाचं तोंड चौकोनी असतंय का गोल?” जन्म सांगलीत गेला, पण मला सांगता येईना. त्यानं गाडी काढली, हरिपूर गाठलं, एक अर्धवट बुजलेलं पेव बघितलं, पारावरच्या एका म्हाताऱ्या हमालाला बोलतं केलं, आणि चौथ्या दिवशी चित्र आणून टेबलावर ठेवलं. ते पेवाच्या आतून काढलेलं होतं. जवळजवळ सगळं पान काळं. वर डाव्या बाजूला उजेडाची एक चकती, तिच्या काठावर पोराचं डोकं, नखाएवढं. तिथून खाली आलेला दोर पानाच्या मध्यावर येऊन ढिला पडलेला. बाप चित्रात कुठंच नाही. बाप जिथं असायला हवा तिथं पान हातात धरलेला वाचक.

कथा वरून लिहिलेली होती, चित्र खालून काढलं होतं. लेखकानं जे सांगायचं टाळलं ते चित्रकारानंही सांगितलं नाही, फक्त वाचकाला उभं राहायची जागा बदलून दिली. अंक निघाला. अनुक्रमणिकेत लेखकाचं नाव ठळक टायपात, पान क्रमांकासह. सगळ्यात खाली, मुद्रणस्थळाच्या वर, बारीक टायपात ‘अंतर्गत सजावट’ आणि पुढं चित्रकाराचं नाव. ती अनुक्रमणिका लावणारा मीच.

माझं भांडण या ‘सजावट’ शब्दाशी आहे. गणपतीचं मखर ही सजावट. ते काढलं तरी गणपती तोच राहतो. लग्नाच्या हॉलच्या कमानीला लावलेली झेंडूची माळ ही सजावट. कथेसाठी किंवा लेखासाठी काढलेलं चित्र त्या जातीचं नाही. ते काढणारा माणूस मजकुराचा पहिला वाचक असतो, बऱ्याचदा संपादकाच्याही आधीचा, कारण संपादक पुष्कळदा चाळतो आणि चित्रकाराला वाचावंच लागतं. तो वाचतो, मत बनवतो आणि ते मत रेषेत मांडतो. त्याला सजावटकार म्हणणं म्हणजे समीक्षकाला शुद्धलेखन तपासणारा म्हणण्यासारखं आहे. शब्द चुकला की पुढचं सगळंच चुकतं: मोबदला, मुदत, नावाची जागा, मूळ चित्राची मालकी. सजावटीचे पैसे कुणी किती देणार?

कथेला निदान पात्रं असतात, प्रसंग असतो. लेखासाठी चित्र काढणं त्याहून अवघड, तिथं धरायला काहीच नसतं. ऊसदर, पाणीवाटप, बाजार समिती यांचं चित्र कसं काढणार? बहुतेक ठिकाणी मग भेगाळलेल्या जमिनीवर बसून आभाळाकडं बघणारा तो शेतकरी येतो. गेली तीस वर्षं तो तसाच बसलाय, उठतच नाही. आमच्याकडं एकदा बेदाण्याच्या सौद्यांवर लांबलचक लेख आला होता. सौद्यात पेटी उघडायची, मूठ भरून माल बघायचा आणि उधळायचा, ही व्यापाऱ्यांची जुनी खोड आणि तासगाव-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांची जुनी तक्रार. या आमच्या चित्रकारानं ना शेतकरी काढला, ना व्यापारी. सौदा संपल्यानंतरची रिकामी फरशी काढली, एका कोपऱ्यात खराटा आणि खराट्यापुढं झाडून लावलेला बेदाण्याचा लहानसा ढीग. लेख तीन हजार शब्दांचा होता, आकडेवारी भरपूर, मेहनत प्रामाणिक. पुढं वर्षभर मला भेटेल तो माणूस त्या खराट्याबद्दल बोलला. लेखकाला थोडा राग आला होता, आणि तो येणं मी समजू शकतो.

याला कुणी म्हणेल की चित्रानं मजकुरावर कुरघोडी केली. केली तर केली. दोन माणसं एकाच विषयावर बोलत असली की कधी एकाचं वाक्य लक्षात राहतं, कधी दुसऱ्याचं. वाईट चित्र मात्र दोघांनाही गप्प करतं.

आपल्याकडं हे नवीन आहे असंही नाही. उलट सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात चित्राचा मान मोठा होता, आणि तो संपादकाच्या खुर्चीतूनच होता. औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाशेजारी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथं १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नांगरांच्या कारखान्याचं खबरपत्र म्हणून जन्मलेलं ते मासिक पुढं अख्ख्या महाराष्ट्राचं झालं, पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. शंकरराव स्वतः चित्रकार, मराठीतल्या सुरुवातीच्या व्यंगचित्रकारांपैकी एक. त्यांच्या व्यंगचित्रांना नाव होतं ‘टाकांच्या फेकी’. टाक म्हणजे बोरू-दौतीच्या कुळातला, लिहायचा. त्याच टाकानं ते अग्रलेख लिहीत आणि त्याच टाकानं चित्र काढत. लिहिणं वरचं आणि चित्र खालचं, अशी उतरंड त्या टेबलावर असण्याचं कारणच नव्हतं.

आणि ज्यांच्या संस्थानात हे घडलं ते औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर कीर्तनं करणारे आणि चित्रं काढणारे राजे. १९१६ मध्ये त्यांनी रामायणाच्या प्रसंगांची चित्रं काढून ग्रंथरूपानं छापली. १९३८ मध्ये औंधच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभं केलं. खरं सांगायचं तर बाळासाहेबांची स्वतःची चित्रं थोर नाहीत. त्याच संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, त्यामुळं तुलना आपोआप होते आणि राजांच्या अंगावर येते. पण कीर्तनकाराला प्रसंग कुठं थांबवायचा हे कळतं, आणि ते त्यांच्या रामायणात दिसतं. कथाचित्रात निम्मी लढाई तिथंच जिंकली जाते. तलवार उगारलेली काढायची, का पडलेली, का दोन्हींच्या मधली?

मराठी कथाचित्रं इतकी रेषेवर का उभी राहिली यामागं एक साधं छपाईचं कारण आहे. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून करायच्या, छपाईत चित्राचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, आम्लात बुडवायचा, रेषा सोडून बाकीचा पत्रा खाल्ला जायचा, मग तो लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा आणि मजकुराबरोबर चौकटीत आवळायचा. करड्या छटा हव्या असतील तर जाळीतून ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक, तो महाग, आणि मासिकाच्या खरबरीत कागदावर त्याचा चिखल व्हायचा. म्हणून काळं आणि पांढरं, मधलं काही नाही. या अडचणीतून मराठी चित्रकारांनी जे कमावलं ते बघण्यासारखं आहे. दीनानाथ दलालांच्या हातात ब्रशची एकच रेष कमरेपाशी जाड आणि मानेपाशी केसासारखी व्हायची. हेच दलाल १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढून स्वतःच मासिकाचे धनी झाले, हे मला त्यांच्या कुठल्याही मुखपृष्ठाइतकंच महत्त्वाचं वाटतं. चित्रकार मालक झाला की त्याचं नाव तळाला कोण टाकणार?

कोल्हापुरात जन्मलेले, पेशानं सिव्हिल इंजिनिअर असलेले वसंत सरवटे यांना मराठीनं एक नेमका शब्द दिला: रेषालेखक. ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या टोपणनावानं सदर यायचं. लिहिणारे जयवंत दळवी कितीतरी काळ पडद्याआड होते. वाचकाच्या डोळ्यांपुढं जो ठणठणपाळ उभा राहिला, तो हातोडा घेतलेला आडदांड गडी, तो सरवट्यांनी घडवला. म्हणजे लेखकानं नाव लपवलं आणि चेहरा चित्रकारानं दिला. तो चेहरा काढून घेतला तर मागं टोपणनावच उरतं. ही सजावट?

माणदेशाकडं बघितलं तर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर लेखणीबरोबर रेखाटनातही रमणारे. त्यांचं गद्य वाचताना मला नेहमी वाटतं की या माणसाला कुठली रेष काढायची नाही हे चित्रामुळं कळलं असावं. हा माझा तर्क. पण चार शब्दांत उभा राहणारा त्यांचा माणूस बघा आणि मग सांगा.

चित्रकारांच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘तुमची प्रेरणा काय?’ उत्तरंही हमखास येतात: निसर्ग, आई, अजिंठा. आमच्या चित्रकाराला मी एकदा विचारलं तर तो म्हणाला, “येष्टी स्टँड.” मिरजेच्या स्टँडवर तासभर बसलं की हातांचे पन्नास प्रकार बघायला मिळतात म्हणे. पिशवी धरलेले, तिकीट दातात धरून मोकळे केलेले, पोराच्या मनगटाला घट्ट आवळलेले. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्र नावाचा विषय असतो, समोर काही न ठेवता आठवणीतून प्रसंग काढायचा. तो म्हणतो, आपण तीच परीक्षा अजून देतोय. प्रेरणा म्हणजे साठवण, आणि साठवणीला वेळ लागतो. दिवाळी अंकाच्या धंद्यात तो वेळ मिळत नाही. लेखक गणपती होईपर्यंत मजकूर देत नाहीत, छापखाना दसऱ्याआधी फाइल मागतो, आणि मधल्या चार दिवसांत चित्रकाराच्या मोबाइलवर संदेश जातो: ‘ग्रामीण कथा आहे. म्हातारा, विहीर, कुत्रं. उद्यापर्यंत.’ कथा पाठवतच नाहीत. असे संदेश मीही पाठवलेत. त्यातून जे येतं त्याला सजावट म्हणणं बरोबर ठरतं, आणि मग आपण म्हणतो, चित्रकारांत आता ती मजा राहिली नाही.

आता तर तेवढंही नको झालंय. गेल्या दिवाळीत अंकांच्या स्टॉलवर उभा होतो. एका मुखपृष्ठावर नऊवारीतली गुळगुळीत बाई, हातात पणती. ज्योत पणतीच्या बरोब्बर मधोमध, तेलातून थेट वर आलेली. वात कुठंच नाही! ज्यानं आयुष्यात एकदा पणती लावली आहे त्याचा हात वात चोचीकडं वळवल्याशिवाय राहात नाही. संगणकानं पणत्यांची लाखो चित्रं बघितली असतील, लावली एकही नाही. आणि त्या मुखपृष्ठावर कुणाचं नाव नव्हतं, कारण टाकायला नावच नव्हतं. संपादक मित्राला विचारलं तर म्हणाला, “अहो, फुकट आहे आणि दोन मिनिटांत होतं.” हे खरं आहे, मी नाकारत नाही. जाहिराती मिळत नाहीत, कागद महाग, टपाल महाग, अंक घरातून वाटावा लागतो. छोट्या अंकाच्या संपादकाला नैतिकतेचे धडे देण्यात अर्थ नाही, मी त्याच चपलेत पाय घालून फिरलोय.

माझं त्याला एवढंच म्हणणं आहे: पैसे नसतील तर चित्र छापू नका. अठ्ठावीस कथा-लेखांना अठ्ठावीस चित्रं हवीत असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तीन मजकूर निवडा, तिघा चित्रकारांना ते महिनाभर आधी वाचायला द्या, नाव अनुक्रमणिकेत लेखकाच्या शेजारी त्याच टायपात टाका आणि बाकीची पानं कोरी, स्वच्छ, अक्षरांची ठेवा. मोकळी जागा वाचकाला बोचत नाही. वात नसलेली पणती बोचते.

कायद्यानं काय दिलंय तेही चित्रकारांनी एकदा बघून घ्यावं, कारण आमच्यासारखे संपादक ते सांगणार नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे पहिला हक्क कर्त्याचा. पण मोबदला देऊन करून घेतलेल्या पेंटिंग किंवा पोर्ट्रेटच्या बाबतीत वेगळं ठरलेलं नसेल तर पारडं करून घेणाऱ्याकडं झुकतं, म्हणून आधी दोन ओळी लिहून घेतलेल्या बऱ्या. कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. कलम ५७ मला सगळ्यात आवडतं: हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं काम आहे’ असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडंच राहतो. म्हणजे नाव टाकणं ही संपादकाची मेहेरबानी नव्हेच. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत त्यांच्या चित्रांवर कुणाचा तरी कायदेशीर हक्क आहे. दिवाळीच्या शुभेच्छांत ती चित्रं नाव कापून सर्रास फिरवणाऱ्यांना हे सांगून बघा, हसतात.

हा प्रश्न दिवाळी अंकांपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ बघा. तिथं सार्वजनिक पैसा लागतो आणि रंगकामाचा दर ठरतो चौरस फुटावर. चौरस फुटावर दर लावला की चित्रकार तेच काढणार जे लवकर होतं: कार्टून चॅनेलवरचा भीम, दोन नारळाची झाडं, समुद्र. जतकडच्या एका शाळेच्या भिंतीवर मी शहाळी बघितली आहेत, आणि त्याच भिंतीसमोरून मेंढरांचा कळप चालला होता. पोरं त्या मेंढरांना नावानं ओळखत होती. भिंतीवर एकही मेंढरू नाही. हे बदलता येतं हे साताऱ्यानंच दाखवलंय. कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या शाळागटातल्या, शाळांत शिक्षकांनी फरश्या रंगवल्या त्या शोभेसाठी नव्हत्या, पोरांनी त्यावर बसून, उड्या मारून शिकण्यासाठी होत्या. राज्यभरातले शिक्षक ते बघायला आले. तिथं चित्राचं काम आधी ठरलं आणि रंग नंतर आला. एका तालुक्यानं एक वर्ष करून बघावं. दर चौरस फुटावर न लावता गोष्टीवर लावायचा, चित्रकाराला आठ दिवस गावात राहू द्यायचं, आणि भिंतीच्या कोपऱ्यात त्याचं नाव, ठेकेदाराच्या नावाआधी.

चित्रकाराच्या नावासाठी एवढं भांडतोय आणि लेखात आमच्या चित्रकाराचं नाव नाही, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. त्यालाच विचारलं होतं. तो एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो, बाहेरच्या कामाबद्दल तिथं उगाच चर्चा नको म्हणाला. त्यानं नको म्हणणं आणि मी न टाकणं यात फरक आहे.

माझ्याकडून न टाकणंही झालेलं आहे. पेवाच्या त्या चित्राचा मी पुढं आमच्या एका कार्यक्रमाच्या फ्लेक्ससाठी वापर केला. न विचारता. फ्लेक्सवाल्यानं ते उलटं फिरवलं, काळ्याच्या जागी हळदीचा पिवळा भरला आणि पोराच्या डोक्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो बसवला. विश्रामबागच्या चौकात आठ दिवस ते टांगलेलं होतं. तो रोज त्या चौकातून शाळेला जातो. मला एका शब्दानंही बोलला नाही. पुढच्या वर्षी कामात आहे म्हणाला, त्याच्या पुढच्या वर्षीही.

मूळ चित्र माझ्याच कपाटात पडून होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या तळमजल्यात छातीएवढं चढलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर जुन्या दिवाळी अंकांच्या विटा झालेल्या. गुळगुळीत कागद ओला झाला की पानाला पान असं चिकटतं की सोलायला गेलं तर दोन्ही पानांचे पापुद्रे निघतात. शाईपेननं लिहिलेली हस्तलिखितं निळं पाणी होऊन गेली होती. ते चित्र मात्र जाड कार्डावर, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये काढलेलं. कार्ड फुगलं होतं, खालून चार बोटं गाळाची रेघ चढली होती, पण काळं काळंच होतं आणि दोर जागेवर होता. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून, आठ दिवस पंख्याखाली वाळवून मी ते त्याच्या घरी घेऊन गेलो. फ्लेक्सचं काय ते बोलायचं ठरवून गेलो होतो.

त्यानं चित्र खिडकीपाशी नेलं, तिरपं धरून गाळाच्या रेघेकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “पेवात पाणी शिरलं की ओ, सर.” आणि आत चहा सांगितला.